गोठलेल्या सरोवरात प्लास्टिकचे रान

जानेवारीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एखाद्या सरोवराकाठी उभे राहिले, तर पाणी कुठेच दिसत नाही. दिसते ते दूरवर पसरलेले पांढरे मैदान. त्यावर लाकडाची आणि कापडाची शेकडो खोपटी उभी असतात, त्यांच्यामधून मोटारींच्या चाकोऱ्या गेलेल्या असतात आणि प्रत्येक खोपटात दोन-चार माणसे बर्फाला पाडलेल्या वीतभर छिद्रावर डोळे लावून बसलेली असतात. बाहेर पारा शून्याखाली २० अंशांवर उतरलेला असला, तरी त्यांच्या चिकाटीत फरक पडत नाही. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे असलेल्या या राज्यात बर्फावरची मासेमारी हा हिवाळ्याचा मोठा विरंगुळा आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांत, तसेच सीमेपलीकडे कॅनडातही चित्र वेगळे नाही.

या छिद्रांतून गळ आणि आमिष खाली जाते, हे उघडच आहे. मात्र काही मच्छीमार गळाच्या आधी आणखी एक वस्तू पाण्यात सोडतात. हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, झिरमिळ्यांचा एक झुबका. मिटलेल्या छत्रीसारखा तो छिद्रातून आत जातो, पाण्यात उलगडतो आणि सरोवराच्या तळावर पाणगवताचे छोटेसे बेट उगवल्याचा भास निर्माण करतो. दिवाणखान्यातील मत्स्यालयात शोभेची प्लास्टिकची झाडे ठेवतात, त्याच जातकुळीचा हा प्रकार. फक्त इथे ती झाडे माशांनी पाहावीत अशी अपेक्षा असते.

मासा या खोट्या गवताला खरेच फसतो काय? फसत असेल, तर नेमका कशाला भुलतो? आणि त्याच्या येण्याने सरोवरातील मासे वाढतात, की विखुरलेले मासे एका जागी गोळा होऊन पकडणाऱ्याच्या हाती अलगद पडतात? शे-दोनशे ग्रॅम वजनाच्या या साध्या साधनाभोवती मत्स्यशास्त्रातील एक जुना वाद गुंतलेला आहे.

बर्फाच्या छपराखाली

कृत्रिम गवताचे काम समजून घ्यायचे, तर बर्फाखाली हिवाळा कसा जातो हे आधी पाहावे लागते. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्यामुळे हिवाळ्यात हे ४ अंशांच्या आसपासचे जड पाणी तळाशी बसते आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठते. उन्हाळ्यात सरोवराचा वरचा थर उबदार आणि तळ थंड असतो. हिवाळ्यात हा क्रम उलटा होतो. मासे या थंडीत निद्रिस्त होत नाहीत, पण त्यांच्या शरीराचा व्यवहार मंदावतो. ते कमी हलतात, कमी खातात आणि घास घेतलाच तर इतक्या हळुवारपणे घेतात, की गळाच्या काठीला जाणवू नये.

त्यांची खरी अडचण प्राणवायूची असते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर शून्य अंशाला हे प्रमाण १४ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे सरोवर गोठते तेव्हा कोठार भरलेले असते. मात्र बर्फाचे झाकण बसले, की हवेतून होणारा पुरवठा बंद पडतो. उरतो तो पाणवनस्पती आणि शैवाल यांच्या प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग. बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल, तर त्यातून बराच प्रकाश खाली पोहोचतो आणि हा मार्ग चालू राहतो. त्यावर हिमवृष्टीचा जाड थर बसला, की खाली अंधार पसरतो. मग वनस्पती मरू लागतात, कुजू लागतात आणि कुजताना त्याच कोठारातील प्राणवायू संपवू लागतात. उथळ, गवताळ आणि गाळाने भरलेल्या सरोवरांत हिवाळ्याच्या अखेरीस हजारो मासे गुदमरून मरतात, ते यामुळेच. ब्लूगिल आणि बास हे मासे आधी बळी पडतात. पर्च आणि पाइक जरा अधिक तग धरतात. अशा काही सरोवरांत यंत्राने हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था केलेली असते. तिच्याभोवतीचा बर्फ पातळ राहतो, म्हणून तेथे धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात.

बर्फावरचे जुने मच्छीमार म्हणूनच गवताचा रंग पाहतात. गळाला अडकून वर आलेली काडी हिरवी आणि कुरकुरीत असेल, तर त्या जागी मुक्काम करावा. तपकिरी आणि बुळबुळीत असेल, तर गिरमिट उचलून पुढे जावे, असा त्यांचा साधा हिशेब असतो. कूनटेल नावाची पाणवनस्पती बर्फाखालीही बराच काळ हिरवी राहते. कुरळ्या पानांचे एक पाणगवत तर थंडीतच वाढते आणि ऐन उन्हाळ्यात मरून जाते. ते मूळचे अमेरिकेतील नव्हे, बाहेरून आलेले आहे. गवत हिरवे असेल तिथे सुरुवातीच्या बर्फात मासे हमखास असतात. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत गवत मरू लागले, की क्रॅपी आणि पर्च यांचे थवे खोल भागाकडे सरकतात आणि तळाच्या गाळातील अळ्यांवर किंवा पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर गुजराण करतात. मार्चमध्ये वितळलेले ताजे पाणी बर्फाच्या भेगांतून खाली उतरू लागले, की ते पुन्हा काठाकडे येतात.

खोट्या गवताला खरी मागणी येते ती या मधल्या काळात. कारण तेव्हा मासे खऱ्या गवतापासून दूर, उघड्या-बोडक्या तळावर असतात.

गवत हवे ते भयापोटी

मासा गवताशी का घुटमळतो, याचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे. तिथे खाणे मिळते. पण संशोधकांनी हे उत्तर तपासून पाहिले, तेव्हा ते अपुरे ठरले. अर्ल वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगनमध्ये केलेला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात आजही आधारभूत मानला जातो. त्यांनी एक तळे मधोमध विभागले. दोन्ही भागांत लहान-मोठ्या आकाराचे ब्लूगिल सोडले आणि एकाच भागात त्यांचा शत्रू, म्हणजे लार्जमाउथ बास, सोडला. शत्रू नसलेल्या भागातील लहान ब्लूगिल जिथे भरपूर खाद्य मिळेल तिथे, गवत सोडून उघड्यावरही गेले. शत्रू असलेल्या भागातील लहान ब्लूगिल मात्र गवतातच दबून राहिले. बाहेर अधिक चांगले खाद्य असूनही ते बाहेर पडले नाहीत आणि त्यांची वाढ त्या मानाने खुंटली. बासच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे ब्लूगिल निर्धास्तपणे बाहेर हिंडत होते. लहान माशाला गवताकडे नेते ते प्रामुख्याने भय. पोटाचा विचार त्यानंतर येतो.

त्याच्या एक वर्ष आधी, १९८२ मध्ये, जॅकलिन सॅव्हिनो आणि रॉय स्टाइन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर कृत्रिम गवताच्याच मदतीने केलेला होता. प्रयोगशाळेतील हौदांत त्यांनी प्लास्टिकच्या तंतूंचे बनावट गवत उभे केले आणि त्याची दाटी बदलत नेली. एका हौदात काहीच नाही, दुसऱ्यात चौरस मीटरला ५० काड्या, तिसऱ्यात २५०, चौथ्यात १,०००. मग त्यांत ब्लूगिल आणि बास एकत्र सोडून शिकार कशी होते ते पाहिले. गवत दाट होत गेले, तशी बासची शिकार कमी होत गेली. सर्वांत दाट गवतात त्याला पाठलाग करणे जमेना आणि भक्ष्य नजरेसमोर टिकेना. या प्रयोगात माशांच्या लेखी प्लास्टिक आणि वनस्पती यांत फरक राहिला नव्हता. लपायला आडोसा मिळतो की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

बर्फाखाली सोडलेल्या झुबक्याचे सगळे गणित इथे आहे. लहान पर्च किंवा चिंगळ्यांएवढे मासे त्या हिरव्या पट्ट्यांच्या आश्रयाला येतात. त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारे मोठे मासे, वॉलाय, पाइक, मोठाले क्रॅपी, कडेकडेने घिरट्या घालू लागतात. मच्छीमाराला हवे असतात ते हे दुसऱ्या रांगेतले.

आडोसा आहे, अन्न नाही

व्यापारी जाहिराती इथवर थांबत नाहीत. त्यांच्या लेखी प्लास्टिकचे गवत म्हणजे जणू खऱ्या गवताचा पर्याय. तो दावा मात्र मान्य करता येत नाही.

खरे पाणगवत माशाला तीन गोष्टी देते. प्राणवायू, अन्न आणि आडोसा. प्लास्टिक प्राणवायू देत नाही, हे सांगायलाही नको. अन्नाचे काय? जिवंत गवताच्या देठांवर शैवालाचा बुळबुळीत थर असतो, त्यावर गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव पोसले जातात आणि त्यांवर ब्लूगिलसारखे मासे जगतात. प्लास्टिकवरही असा थर बसू शकतो. पाण्यात फार दिवस पडलेल्या कोणत्याही वस्तूवर तो बसतोच. पण त्यासाठी काही आठवडे जावे लागतात आणि प्रकाश लागतो. बर्फाखालच्या अंधारात आणि ४ अंशांच्या थंडीत हे काम फारच सावकाश होते. सकाळी सोडून संध्याकाळी वर ओढून घेतलेल्या गवतावर माशाला खाण्यासारखे काही नसते. उरतो तो केवळ आडोसा.

सावलीचा मुद्दाही अनेकदा पुढे केला जातो. जीन हेल्फमन या संशोधकाने १९८१ मध्ये दाखवून दिले होते, की सावलीत उभ्या राहिलेल्या माशाला उजेडातील वस्तू लांबून दिसते आणि तो स्वतः मात्र चटकन दिसत नाही. तरंगत्या ओंडक्याखाली, धक्क्याखाली मासे का जमतात, याचा उलगडा त्यातून होतो. परंतु हा नियम उन्हाच्या पाण्याचा आहे. वर हातभर हिम साचलेल्या सरोवराच्या तळाशी ऊनच पोहोचत नाही, तर सावली कुठून पडणार? सुरुवातीच्या काचेसारख्या बर्फात त्याचा काही उपयोग होत असेल. नंतर फारसा नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. आधीच हिरवेगार गवत असलेल्या खाडीत प्लास्टिकचा झुबका सोडणे म्हणजे जंगलात कुंडी नेऊन ठेवण्यासारखे आहे. प्राणवायू संपलेल्या खाडीतही त्याचा उपयोग नाही, कारण तिथे मासाच नसतो. त्याचा प्रभाव दिसतो तो मधल्या पट्ट्यात. एका बाजूला गवताची कड, दुसऱ्या बाजूला खोल पाणी आणि मध्ये सपाट, उघडा तळ, अशी जागा असेल आणि तिथून माशांची ये-जा असेल, तर जाता-येता तो त्या आडोशापाशी थबकतो. लांबच्या माशाला गवत बोलावून आणत नाही. जवळून जाणाऱ्याला ते थोडा वेळ थांबवते.

गिरमिट, झारा आणि दोर

प्रत्यक्ष काम कष्टाचे आहे. आधी गिरमिटाने बर्फाला छिद्र पाडायचे. हाताने फिरवायचे गिरमिट अजूनही दिसते, परंतु आता विजेरीवर चालणाऱ्या गिरमिटांचे दिवस आहेत. छिद्र साधारण ८ ते १० इंच व्यासाचे असते. मिनेसोटात गळाच्या मासेमारीसाठी १२ इंचांहून मोठे छिद्र पाडण्यास मनाई आहे. साहजिकच कृत्रिम गवत एवढ्या तोंडातून आत जाईल आणि खाली पसरेल अशा बेताने बनवावे लागते. छिद्रातला बर्फाचा चुरा लांब दांड्याच्या झाऱ्याने काढून टाकतात. मग ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र किंवा पाण्याखालचा कॅमेरा सोडून तळ पाहतात.

गवताच्या बुडाशी शिशाचे किंवा लोखंडाचे वजन असते, वर तरंगणाऱ्या पट्ट्या असतात. घरच्या घरी बनवणारे नाताळच्या सजावटीतील हिरव्या माळा वापरतात. वजन तळाला टेकल्यावर पट्ट्या सरळ उभ्या राहतात आणि त्यांचे शेंडे तळापासून दोन-तीन फुटांवर डोलतात. वरचे टोक छिद्रावर आडव्या टाकलेल्या काठीला पक्के बांधायचे. दोर सुटला, तर सगळेच तळाला जाते.

गळ मात्र त्याच छिद्रातून सोडायचा नसतो. दोन-तीन फुटांवर दुसरे छिद्र पाडून, आमिष गवताच्या कडेला लोंबेल असे ठेवतात. मोठा मासा लागला, की तो पहिली धाव आडोशाकडे घेतो. दोर पट्ट्यांत गुरफटला, तर मासाही जातो आणि गवताचाही चोथा होतो. म्हणून दोघे जोडीने बसले असतील, तर एकाने मासा खेळवायचा आणि दुसऱ्याने झटक्यात गवत वर ओढायचे, अशी वाटणी असते.

थंडी इथेही आपले काम करते. ओल्या पट्ट्या बाहेर काढल्या, की काही मिनिटांत कडक होतात आणि वाळक्या फांदीसारख्या मोडतात. रात्री मुक्काम करून गवत तसेच पाण्यात ठेवले, तर छिद्र पुन्हा गोठते आणि दोर बर्फात चिणला जातो. सकाळी घाईघाईने गिरमिट चालवले, की त्याच्या पात्याखाली तोच दोर सापडतो. दोर तुटून सरोवरात कायमचे गेलेले प्लास्टिक बहुधा अशाच एखाद्या सकाळचे असते.

नाताळच्या झाडांपासून टायरपर्यंत

माशांसाठी तळाला काहीतरी टाकण्याची कल्पना प्लास्टिकच्या आधीची आहे. सण उलटला, की नाताळची झाडे बर्फावर ओढत नेऊन त्यांना दगड बांधून ठेवायचे. वसंतात बर्फ वितळला, की ती आपोआप बुडतात. विस्कॉन्सिनमध्ये ओंडक्यांचे मोठाले पिंजरे हिवाळ्यात बर्फावर रचून असेच बुडवले जात. केंटकीसारख्या राज्यात मत्स्य विभाग स्वतः लोकांकडून ही झाडे गोळा करून धरणांच्या जलाशयांत टाकतो. जलाशयांची गोष्ट वेगळी आहे. धरण बांधताना बुडालेली झाडे काही दशकांत कुजून जातात आणि तळ उघडा पडतो, तेव्हा अशी भर घालण्यास अर्थ असतो. हिमनद्यांनी कोरलेल्या नैसर्गिक सरोवरांत त्याची तेवढी गरज नसते. कोणीही उठून सार्वजनिक सरोवरात काहीही टाकू लागला, तर त्याचे उकिरड्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे परवान्याशिवाय तळाला काही टाकणे अनेक राज्यांत गुन्हा ठरतो. संध्याकाळी परत वर काढता येणाऱ्या गवताची कल्पना लोकांना पटली, त्यामागे हेही एक कारण आहे.

खरे गवत एका सरोवरातून उपटून दुसरीकडे का नेत नाहीत, असाही प्रश्न पडू शकतो. मिनेसोटात पाणवनस्पतींची ने-आण करणे बेकायदा आहे. युरेशियातून आलेल्या मिलफॉइल या वनस्पतीने तेथील सरोवरांत मोठा उच्छाद मांडला आहे आणि तिची एक काडीही नव्या पाण्यात रुजायला पुरेशी असते. आपल्याकडे तळ्यातळ्यांत आढळणारी हायड्रिला अमेरिकेच्या दक्षिणेत अशीच डोकेदुखी ठरली. ती १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली होती. म्हणून प्लास्टिकच्या झुबक्यात अडकलेले खरे गवतही सरोवर सोडण्यापूर्वी वेचून काढावे लागते.

चांगल्या हेतूने टाकलेली वस्तू काय करू शकते, याचे मोठे उदाहरण समुद्रातले आहे. १९७२ मध्ये फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलजवळ माशांना घर मिळावे म्हणून सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकण्यात आले. त्यांचे बांधलेले गठ्ठे सुटले आणि वादळांनी ते टायर जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटत राहिले. अखेर ते बाहेर काढण्यासाठी २००७ पासून लष्कराच्या पाणबुड्यांची मदत घ्यावी लागली.

वाढ की नुसती गर्दी?

आडोशापाशी मासे दिसले, म्हणजे ते वाढले असे होते काय? १९८९ मध्ये जेम्स बोनसॅक या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने कृत्रिम प्रवाळभिंतींच्या संदर्भात हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. राहायला जागा अपुरी म्हणून माशांची संख्या मर्यादित असेल, तर नवी जागा दिल्याने ती वाढू शकते. पण संख्या मर्यादित असण्याचे कारण दुसरेच असेल, उदाहरणार्थ अतोनात मासेमारी, तर नवी जागा फक्त उरलेल्या माशांना गोळा करते. आणि गोळा झालेला मासा पकडणे विखुरलेल्या माशापेक्षा कितीतरी सोपे असते.

दिवसभरासाठी सोडलेले प्लास्टिकचे गवत निर्विवादपणे दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याने एकही मासा जन्माला घातलेला नसतो. म्हणूनच त्याच्यापाशी बसून किती मासे घरी न्यायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ब्लूगिल या तळहाताएवढ्या माशाचे उदाहरण पाहावे. वसंताच्या अखेरीस मोठे नर उथळ पाण्यात घरटी करतात आणि अंड्यांची राखण करतात. असे मोठे नर भोवताली असले, की लहान नर अंगाने वाढण्यात शक्ती खर्च करतात आणि उशिरा प्रजननाकडे वळतात. मोठे नर नाहीसे झाले, की लहानांना ही वाट पाहण्याची गरज उरत नाही. ते कमी वयात, बारक्या आकाराचे असतानाच प्रजनन करू लागतात आणि वाढ तिथेच थांबते. काही वर्षांत सरोवरात ब्लूगिल असंख्य, पण सगळे बोटभर लांबीचे, अशी अवस्था येते. बर्फावर बसलेला माणूस तर नेमके मोठेच मासे ठेवतो आणि बारके सोडून देतो. मिनेसोटात या गटातील माशांची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा २० आहे. परंतु निवडक सरोवरांत ती १० किंवा ५ वर आणण्यात आली असून २०२१ पासून अशा सरोवरांची संख्या वाढवत नेण्यात आली आहे.

पकडून सोडून देणे हाही प्रत्येक वेळी उपाय नसतो. २५-३० फुटांहून खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या क्रॅपीची हवेची पिशवी फुगते. असा मासा छिद्रातून परत सोडला, तरी बहुधा जगत नाही.

खऱ्या आडोशाची किंमत किती असते, हे उत्तर विस्कॉन्सिनमधील लिटल रॉक सरोवरात दिसून आले. हे सरोवर पडद्याने दोन भागांत विभागलेले होते. २००२ मध्ये त्याच्या एका भागातून काठच्या पाण्यात पडलेल्या झाडाझुडपांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लाकूड संशोधकांनी काढून टाकले. दुसरा भाग तसाच ठेवला. ग्रेग सॅस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, लाकूड काढलेल्या भागातील यलो पर्च जवळजवळ नाहीसे झाले. तिथल्या बास माशांना खायला मासे उरले नाहीत, ते पाण्यात पडणाऱ्या किड्यामकोड्यांवर जगू लागले आणि त्यांची वाढ मंदावली. काठावर टुमदार घरे बांधणारे लोक समोरचे पाणी 'स्वच्छ' दिसावे म्हणून पडलेली झाडे आणि गवत काढून टाकतात, त्याचा अर्थ या प्रयोगानंतर वेगळाच दिसू लागतो. विस्कॉन्सिनमध्ये आता काठावरच्या मालकांना अख्खी झाडे पाण्यात आडवी टाकून बांधून ठेवण्यासाठी सरकारी अनुदान मिळते. उन्हाळ्यात समोरचे खरे गवत उपटायचे आणि हिवाळ्यात त्याच पाण्यात प्लास्टिकचे सोडायचे, हा विरोधाभास तेथील अनेक काठांवर नांदतो आहे.

आडोसा दाखवून मासे गोळा करण्याची युक्ती भारतातही जुनी आहे. आसामच्या बीलांमध्ये, म्हणजे नदीने मागे सोडलेल्या तळ्यांत, फांद्या आणि जलपर्णी यांची दाटी करून मासे जमवतात आणि नंतर भोवती जाळे टाकतात. या पद्धतीला 'कटल' म्हणतात. मणिपूरच्या लोकताक सरोवरात तरंगत्या वनस्पतींची गोल कडी, म्हणजे 'अथाफुम', याच कामासाठी बांधली जात. त्यांची दाटी सरोवराच्या जिवावर उठली, तेव्हा २००६ मध्ये कायदा करून त्यांना बंदी घालावी लागली.

बर्फच जेव्हा कमी पडतो

या सगळ्या खटाटोपाला लागणारा बर्फ मात्र पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. मिनेसोटातील सरोवरांवरचा बर्फाचा काळ गेल्या ५० वर्षांत सरासरी १० ते १४ दिवसांनी घटला आहे. २०२३-२४चा हिवाळा राज्यातील आजवरचा सर्वांत उबदार हिवाळा ठरला. ब्रेनर्डजवळच्या गल सरोवरावर भरणारी बर्फावरील मासेमारीची प्रसिद्ध स्पर्धा जानेवारी २०२४ मध्ये पातळ बर्फामुळे रद्द करावी लागली. एका माणसाला चालण्यासाठी नवा, स्वच्छ बर्फ किमान ४ इंच जाड हवा, असा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा दंडक आहे. बर्फ पांढुरका, हिममिश्रित असेल, तर त्याची ताकद जवळपास निम्मी धरावी लागते. आणि पूर्ण सुरक्षित बर्फ असा नसतोच, हेही तो विभाग प्रत्येक हंगामात बजावतो.

हंगाम आखडला, की घाई वाढते. थोड्या दिवसांत भरपूर मासे हवे असतात आणि मग गवत, कॅमेरे, माशाची हालचाल जागच्या जागी दाखवणारी नवी ध्वनियंत्रे, सगळेच एकदम बर्फावर येते. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळाने बर्फावर कचरा टाकणाऱ्यांना दंडाची तरतूद केली. राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तर भागात तिसऱ्या सोमवारपर्यंत बर्फावरची खोपटी काढून घ्यावी लागतात. त्या मुदतीच्या आदल्या शनिवार-रविवारी सरोवरावर ट्रकांची रांग लागते. खोपटी ओढून नेली जातात, शेगड्या विझतात, छिद्रांवरच्या आडव्या काठ्या उचलल्या जातात आणि त्यांना बांधलेले हिरवे झुबके, पाणी निथळत आणि तिथल्या तिथे गोठत, एकेक करून वर येतात.